खोडलेलं वाक्य

१

पवित्रा सोमवारपासून कॉलेजात आली नव्हती, आणि बुधवारी संध्याकाळी तिचा बाप बंगळूरच्या जयनगरात येऊन आठल्यांच्या दारात ओरडत उभा होता.

उल्काबाई निपाणीकर नुकत्याच कोर्टातून परतल्या होत्या. काळा कोट खुर्चीवर टाकून त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांचे भाडेकरू, पुण्याहून आलेले आठल्ये. शुभंकर इंदिरानगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आसावरी घरी आणि मुलगी शाल्मली बारावीला, पवित्राच्याच वर्गात. एरवी वरून भांडं पडल्याचाही आवाज येत नसे. उल्काबाईंनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि जिना चढल्या.

"माझ्या पोरीनं तुमच्या घरात बसून काय काय लिवलंय, समदं कळलंय मला!" शिवाप्पा शाल्मलीवर बोट रोखून गरजत होता. कारखान्यातल्या खाकी कपड्यांवरच तो आनेकलहून बसनं आला होता. "मामाला देऊ नका म्हणून वकिलाला पत्र! आणि त्यात बाप चुलीतलं जळकं लाकूड घेऊन मारतो म्हणून लिवायचं? तूच शिकवलीस तिला!"

शाल्मली भिंतीला चिकटून उभी होती. तिच्यामागे आसावरी, ओढणीचं टोक मुठीत आवळलेलं.

"ज्या वकिलाला लिहिलं ती मीच," उल्काबाई म्हणाल्या. "पोर कुठाय?"

शिवाप्पाचा आवाज एकदम खाली आला. "गावाला गेलीया. चिकोडीला. घरातल्या मामाला पोर देतोय, आमची रीत हाय ती. तुमी मधी पडू नका, अक्का."

"रीत मला शिकवू नकोस. मी निपाणीची आहे. पोर सतरा वर्षांची आहे आणि मामा तिच्या दुप्पट, एवढं मला मोजता येतं."

तो जिना उतरून गेला. उल्काबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण डोकं मात्र एका वाक्यापाशी अडलं होतं. पवित्राचं पत्र शाल्मलीनंच त्यांना सोमवारी सकाळी आणून दिलं होतं. रविवारी संताजीमामाशी लग्न लावणार आहेत, थांबवा, एवढंच त्यात होतं. त्यांनी ते इतक्या वेळा वाचलं होतं की तोंडपाठ झालं होतं. जळक्या लाकडाचा त्यात उल्लेखही नव्हता.

शाल्मलीला त्या खाली घेऊन आल्या. पाणी दिलं.

"ते लाकडाचं, शालू. ते याला कुठून कळलं?"

शाल्मलीनं पेला खाली ठेवला. "तिनं ते लिहिलं होतं अक्का. शनिवारी, आमच्या कॉम्प्युटरवर. तिच्या वह्या, दप्तर सगळं घरी तपासतात, म्हणून आमच्याकडे लिहू म्हटलं. तोंडानं सांगायची तिला लाज वाटत होती. मी फक्त अक्षरं कुठे आहेत ते दाखवत होते. एका बोटानं टाइप केलं तिनं. मग ते वाक्य वाचलं, रडली आणि खोडून टाकलं. प्रिंट काढली तेव्हा ते नव्हतंच."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"कुणीच नाही. दार बंद होतं. मी आणि ती." शाल्मलीनं वर पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे तिला वाटणार, मीच सांगितलं."

२

रविवारच्या आत पोर सापडायला हवी होती. अल्पवयीन मुलीचं लग्न मनाई हुकमानं थांबवता येतं, पण हुकूम बजावायला ठिकाण लागतं. चिकोडीच्या पोलिसांना उल्काबाईंनी ओळखीनं फोन लावला. गुरुवारी सकाळी उत्तर आलं. तिथं ना नवरी, ना मांडव, ना संताजी. शिवाप्पा धडधडीत खोटं बोलला होता.

त्याची कारखान्यातली पाळी सुरू झाल्यावर उल्काबाई आनेकलला गेल्या. दोन खोल्यांचं घर, शेजारी एसटीडी फोनचं दुकान. पवित्राची आई, यल्लव्वा, एकटीच होती. खाटेवर गुळेदगुड्डच्या खणांची चवड, परातीत तांदूळ, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि खारका.

"वकीलबाई," यल्लव्वा म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. आलेल्या बाईची ओटी भरायची म्हणून तिचा हात सवयीनं खणाकडे गेला, आणि तिथंच थांबला. "तुमची कशी भरू? तुमी माझं घर मोडायला आलाय."

"नको भरूस. पोर कुठाय तेवढं सांग."

"न्हाई."

"तिनं काय लिहिलं ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दुकानावर फोन आला. मीच घेतला." यल्लव्वानं परातीतले तांदूळ उगाचच सारखे केले. "ज्यानं केला त्याचं भलं होवो. पोर पळून गेली असती तर आमाला तोंड लपवायला जागा नव्हती. नाव सांगणार न्हाई मी. लेकीची शपथ घातलीया."

"तुझ्या लेकीची?"

"माझ्या लेकीची. आणि फोन करणाऱ्याच्याबी."

उल्काबाई उठल्या. दाराशी त्यांनी मागं वळून विचारलं, "लाकडाचं खरं आहे का गं?"

यल्लव्वाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं ते तिनं पुसलंसुद्धा नाही, आणि उल्काबाईंना तिचा राग यावा की कीव, हे कळेना. शेवटी रागच आला. आईला माहीत होतं, आणि तरी ती खण मोजत बसली होती.

बसमध्ये त्यांनी एकच गोष्ट उलटसुलट करून पाहिली. पवित्रानं सांगितलं नाही. शाल्मली सांगेल असं वाटत नाही. कागदावर ते वाक्य आलंच नाही. ते फक्त बोटांखालून गेलं, पडद्यावर क्षणभर दिसलं आणि पुसलं गेलं. मग ते शिल्लक राहिलं तर कुठं राहिलं?

एकाच ठिकाणी राहू शकत होतं. त्या यंत्रात.

३

नंदू नागपूरचा. जयनगरच्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये त्याचं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. आठल्यांचं मशीन त्यानंच दिलं होतं. दिवाळीनंतर मशीन मंद झालंय, असं शाल्मली म्हणायची, हे उल्काबाईंच्या लक्षात होतं.

"मॅडम, कस्टमरचं प्रायव्हेट असते," नंदू म्हणाला.

"मी वकील आहे. तुझं प्रायव्हेट कोर्टात काढायचं की इथंच?"

नंदूनं स्टूल पुढे केलं. मग त्याचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. हा माल नवीन आहे, अमेरिकेहून सीडी आली. आईबापांसाठी. मशीनमध्ये गुपचूप बसते, दिसत नाही. पोरगं जी कळ दाबेल ती लिहून ठेवते. या भागात बऱ्याच घरांत बसवून राहिलो. पोरांना पत्ताच नाही.

"खोडलं तर?"

"खोडायची कळ दाबली तेही येते, मॅडम. आधी काय लिहिलं ते तर येतेच. तीच तर खुबी हाय."

खुबी! पोर एकांत समजून रडली, आणि हा त्याला खुबी म्हणत होता.

"आणि तुझ्या मशीनवर दुसऱ्याची पोर बसली तर? तिच्या बापानं तुला कुठं सांगितलं होतं?"

नंदूनं खांदे उडवले. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "मी फक्त बसवलं. वाचत नाही कुणाचं. अन् आठल्ये सरांचं तर वाचताच येत नाही. रविवारी सकाळी दुकानात येऊन भांडले माझ्याशी, सॉफ्टवेअर बोगस आहे म्हणून. मी त्यांच्या घरी जाऊन फाइल उघडली. सॉफ्टवेअर ठणठणीत. दुपारची तर पानंच्या पानं भरलेली. पण नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! शब्दच लागत नाही. मी म्हटलं, सर, तुमच्याकडे मराठी टाइप करतात, त्याला मी काय करू?"

उल्काबाईंनी डोळे मिटले. निपाणीच्या कोर्टात मराठी टाइपरायटरवर बसणाऱ्या बाया त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. आठल्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीची मांडणी तीच. कळ इंग्रजी, उमटणारं अक्षर मराठी. यंत्रानं नोंदवली ती कळ. ती खिचडी उलगडायची तर कोणत्या कळीखाली कोणतं मराठी अक्षर असतं हे बोटांत मुरलेलं असायला हवं.

नंदूला ते येत नव्हतं. शुभंकर तर घरच्या माणसांनाही इंग्रजीत चिठ्ठ्या लिहायचा.

"ती फाइल त्यानं छापून घेतली?"

"शनिवार संध्याकाळची तेवढी. सर म्हणाले, घरात बघतो कुणी वाचून देते का."

४

शुक्रवारी दुपारी उल्काबाई वर गेल्या. मॅजिस्ट्रेटपुढचा अर्ज पिशवीत तयार होता, फक्त ठिकाणाची जागा कोरी होती.

आसावरी कॉम्प्युटरपुढे होती. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकातला लेख टाइप करत होती. नजर हस्तलिखितावर, बोटं आपोआप चाललेली. लग्नाआधी ती पुण्याला एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती हे ती कौतुकानं सांगायची, आणि शाल्मलीलाही तिनंच शिकवलं होतं. शुभंकर त्या दिवशी घरीच होता. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "या ना. चहा?"

"नको." उल्काबाईंनी भिंतीतल्या देवघराकडे पाहिलं. गणपतीच्या बाजूला ताम्हनात तांदूळ होते, त्यावर खोबऱ्याची वाटी, खारका आणि खाली घडी घातलेला लालकाठी गुळेदगुड्ड खण.

पुण्याच्या घरातली ओटी नारळाची. ही ओटी पुण्याची नव्हती. हा खण उल्काबाईंनी काल खाटेवर पाहिला होता.

"कधी आली होती यल्लव्वा?" त्यांनी विचारलं.

आसावरीची बोटं कळांवर थांबली.

"कोण यल्लव्वा?" शुभंकर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा स्वल्प, थोडा वेळ. तुमची पाळी येते." उल्काबाई आसावरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जे वाक्य पवित्रानं खोडलं ते शिवाप्पाच्या तोंडी होतं. म्हणजे ते या यंत्रातून गेलं. यंत्रातलं वाचता येतं या घरात दोघींना. शाल्मलीला वाचायची गरज नव्हती, ती शेजारीच बसली होती. राहिलीस तू. नवऱ्यानं कागद पुढे टाकला, तू बोटांनी वाचलास आणि फोन लावलास. आनेकलच्या दुकानाचा नंबर तुमच्या फोनशेजारी भिंतीवर लिहिलाय, शालूच्या अक्षरात. मग यल्लव्वा उपकार फेडायला आली आणि तुझी ओटी भरून गेली. भरलेली ओटी टाकवत नाही कुणालाच. तुलाही टाकवली नाही."

"Look, this is our house," शुभंकर उठला. "माझा पीसी, माझी मुलगी. I have every right. आजकाल नेटवर काय काय चालतं माहितीये तुम्हाला?"

"तुमच्या मुलीचं काय सापडलं?"

तो बायकोकडे बघू लागला.

"काही नाही सापडलं. सापडली दुसऱ्याची मुलगी. आणि तिला तुम्ही उचलून तिच्या बापाच्या हातात दिलीत."

"मी नाही! मी फक्त म्हटलं, शालू कोर्टकचेरीत अडकायला नको. फोन हिनं केला." त्यानं सरळ हात वर केले.

आसावरी उभी राहिली. डोळे कोरडे होते. "हो, मी केला. मी आई आहे उल्काताई. माझी मुलगी अशी पळून जाणार असती आणि कुणाला माहीत असतं, तर त्यानं मला सांगावं असंच मला वाटलं असतं."

"ती पळत होती?" उल्काबाईंचा आवाज इतका चढला की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला वर बघायला लागला. "अगं, ती कायद्याकडे येत होती! माझ्याकडे येत होती, तुझ्या घराच्या खाली, एक जिना उतरून! जळक्या लाकडाचं वाचलंस ना? आणि तरी त्याच घरी फोन लावलास?"

"मला वाटलं, रागाच्या भरात लिहिलं असेल. खोडलंच होतं तिनं." आसावरी थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"लग्न कुठे आहे?"

"शपथ घेतलीये मी. शालूची."

उल्काबाईंना हात उगारावासा वाटला. त्यांनी तो पदरात गुंडाळला आणि शुभंकरकडे वळल्या. नंदूचं एक वाक्य कालपासून त्यांच्या कानात होतं.

"दुपारी शाल्मली कॉलेजात असते. मग दुपारी या मशीनवर कोण बसतं, आठल्ये?"

शुभंकरचा चेहरा पांढरा पडला.

"फाइलमध्ये दुपारची पानंच्या पानं आहेत. बायकोला फक्त शनिवार संध्याकाळचं छापून दाखवलंत. बाकीचं कुणाकडून वाचून घेणार होतात?"

आसावरी हळूच खुर्चीत बसली. तिच्या दुपारी मंडळाच्या अंकात जात नव्हत्या सगळ्या. ती बहिणीला लिहायची. काही पाठवायची, बरीचशी पुसून टाकायची. काय काय पुसलं होतं ते तिला एकेक करून आठवत असावं, कारण तिचा हात नकळत तोंडावर गेला.

"माझंही?" ती म्हणाली.

"अगं, ऑल कीज रेकॉर्ड होतात, मी मुद्दाम नाही... आणि मी वाचलं नाही. शपथ. वाचताच येत नव्हतं मला."

"येत असतं तर?"

लग्नाला वीसएक वर्षं झालेल्या माणसाला एवढं साधं 'नाही' म्हणता आलं नाही, आणि ते तिघांनाही ऐकू आलं.

आसावरीनं वाकून भिंतीतलं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. "आनेकलच्या बाहेर," ती उल्काबाईंकडे न बघता म्हणाली, "संताजीची वीटभट्टी आहे. तिच्यामागच्या देवळात. रविवारचं सांगतात सगळ्यांना, पण मुहूर्त उद्या सकाळचा आहे. पवित्रा भट्टीवरच्या खोलीत आहे. यल्लव्वा मला बोलावून गेली." मग नवऱ्याकडे वळून, "आणि आजपासून मी दुपारी काय करते ते तोंडानं विचारायचं. सांगावंसं वाटलं तर सांगेन."

उल्काबाई जिन्यात पोचल्या होत्या. कोर्ट बंद व्हायच्या आत अर्जातली कोरी जागा भरायची होती.

५

मनाई हुकूम मिळाला. शनिवारी सकाळी पोलिसांची जीप वीटभट्टीकडे वळली तेव्हा देवळापुढे जेवणाच्या पंक्तीची पानं मांडणं चाललं होतं. संताजी मुंडावळ्या काढून मागच्या मागे पसार झाला. शिवाप्पा हवालदारांशी हुज्जत घालत राहिला, आणि यल्लव्वा एका कोपऱ्यात खणांची पिशवी छातीशी धरून बसली.

पवित्राला आनेकलच्या ठाण्यात आणलं. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा. उल्काबाईंनी शाल्मलीलाही बरोबर आणलं होतं, पण पवित्रा तिच्याकडे बघेना.

"मी नाही सांगितलं," शाल्मली म्हणाली.

"मग कुणी? खोलीत कोण होतं अजून?"

उल्काबाईंनी तिला सगळं सांगितलं. यंत्र, नंदू, कागद, फोन. काही झाकलं नाही. आसावरीचं नाव ऐकून शाल्मलीनं मान खाली घातली. तिला ते घरीच कळलं होतं, आणि काल रात्री ती उल्काबाईंकडेच झोपली होती.

"म्हणजे खोडलेलंबी?" पवित्रानं विचारलं.

"खोडलेलंही."

"मी ते आईसाठी खोडलं हुतं. कोर्टात वाचलं असतं तर तिला लोकांनी विचारलं असतं, तू काय करत हुतीस म्हणून." बोलताबोलता तिचा आवाज चढत गेला. ठाण्यातले हवालदार बघायला लागले तरी तिला पर्वा नव्हती. "ते माझं हुतं, अक्का! ठेवायचं का खोडायचं, मी ठरवणार हुते! त्यांनी कसं काय वाचलं? कुणाला विचारून?"

इतक्या वर्षांच्या वकिलीत कुठल्या कलमाखाली हा गुन्हा बसवायचा, ते उल्काबाईंना सापडत नव्हतं. यंत्र शुभंकरचं, घर त्याचं, बायको-मुलगी त्याची, असंच कोर्ट म्हणालं असतं. त्या नुसत्या दात आवळून बसल्या. शाल्मली पुढे झाली आणि पवित्राच्या शेजारी बाकावर बसली. पवित्रानं तिला उठवलं नाही.

उल्काबाईंनी पिशवीतून कोरे कागद काढले. "तुझा जबाब घ्यायचाय. लाकडाचं वाक्य मी स्वतःहून घालणार नाही. तू नको म्हणालीस तर ते नाही. सगळ्या जगाला ठाऊक झालं असलं तरी नाही."

पवित्रानं चुडा वर सरकवला. मनगटाच्या वर जुना भाजल्याचा डाग होता, हळदीतूनही दिसणारा. खिडकीतून तिला बाहेर बसलेली आई दिसत होती.

"लिवा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर लिवा. आणि नंतर मला वाचून दाखवा. मला वाटलं तर खोडीन."

"सरी, तसंच करू," उल्काबाई म्हणाल्या. त्यांनी कागद दोघींच्या मध्ये सरकवला, तिला प्रत्येक अक्षर दिसेल असा, आणि लिहायला सुरुवात केली.